विस्तवाला न शिवलेलं

मांसावर पोसलेल्या पायसांदू गावात माणसाने गाजरावर दिवस काढणं हा काही गुन्हा नाही, पण शेजारीपाजारी तो तसाच मोजतात. तरीही एका सोमवारी नेलिदाने जाहीर केलं, की पंधरा दिवस ती विस्तवाला शिवलेलं काही खाणार नाही. अंग जड झालंय, एकदा करून बघू, एवढंच तिचं म्हणणं.

तिचा नवरा अदेमार, नगरपालिकेत पाणीपट्टीच्या खिडकीमागे बसणारा, भडकला. (तो हवामानाचा अंदाज ऐकूनही भडकायचा. दुसरा व्यायाम त्याला नव्हता.) गुरांचा चारा आपण खाल्ला तर गुरांनी काय खायचं, आणि गुरं उपाशी मेली तर या देशाकडे उरतं काय, असं त्याने तिला सुनावलं. नेलिदा काकडी चिरत राहिली.

"तुला तर दुपारपर्यंतही जमायचं नाही," ती म्हणाली.

झालं. अदेमारने उभ्याउभ्या पंधरा दिवसांची शपथ घेतली.

पहिली पंचाईत 'माते' नावाच्या पेयाची. हा कडू पाल्याचा काढा नळीने ओढल्याशिवाय तिथे कुणाचा दिवस उजाडत नाही, आणि त्याला लागतं गरम पाणी. अदेमार खाकोटीला थर्मास मारून ऑफिसात गेला खरा, पण आत पाणी नळाचं होतं. रिवाजाप्रमाणे भांडं हातोहात फिरलं. पहिला घोट घेताच हेडक्लार्कचा चेहरा पडला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ऑफिसभर झालं, की अदेमारची बायको घर सोडून गेली. संध्याकाळी शेजारीण वाफाळती किटली घेऊन सांत्वनाला आली, तर दार नेलिदानेच उघडलं.

नेलिदाचं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं. बाजारात चार दमड्यांच्या भुशाला 'शुद्ध आहार' म्हणून विकणारे भामटे पैशाला पासरी आहेत. ही बाई त्यांच्या वाटेला गेली नाही. मसूर भिजवून मोड आणले, कोवळ्या भोपळ्याच्या रेशमासारख्या फिती काढल्या, टोमॅटो गच्चीवर उन्हात सुकवले, अक्रोड वाटून त्यात लिंबू पिळलं. कुरकुर नाही, उपदेश नाही. अदेमार बशी चाटूनपुसून खायचा आणि वर म्हणायचा, की हा छळ आहे.

मग आला दुसरा रविवार; पहिला पावसात गेला होता. नेलिदाचं सगळं माहेर जेवायला येणार होतं, आणि तिच्या माहेरी मांस भाजणं हे काम नसून पद आहे. सासरे गेल्यापासून भाजण्याचा चिमटा अदेमारच्या हाती होता. दर रविवारी, जेवण रंगात आलं की कुणीतरी ओरडायचं, "भाजणाऱ्याला टाळ्या!" आणि सारं टेबल टाळ्या वाजवायचं. पाणीपट्टीच्या खिडकीवर माणसाला शिव्या मिळतात. टाळ्या मिळण्याची त्याची ही एकच जागा. मेहुण्याचा, मिल्टनचा, त्या चिमट्यावर कधीचा डोळा होता.

"आज मोड शपथ. मी हसणार नाही," नेलिदा म्हणाली. पण अदेमार कसला ऐकतोय. भाजीन, पण चाखणार नाही, म्हणाला.

त्याने बाजूला लाकडं पेटवली, निखारे ओढून जाळीखाली सारले, वर बरगड्या मांडल्या. चरबी ठिबकली, धूर उठला, आणि अदेमारला शपथ आठवली. तो एक पाऊल मागे सरला. मग आणखी एक. शेवटी तो लिंबाच्या झाडाआड उभा राहून, नाक दाबून, दुरूनच मांसावर नजर ठेवू लागला. तिकडून नवे निखारे कोण ओढणार? एरवी कडेचा तुकडा चाखून बघायचा, तोही आज वर्ज्य. रंग बरा दिसला तशी त्याने गर्जना केली, की तयार आहे, आणि बरगड्या टेबलावर आणून ठेवल्या.

मिल्टनने सुरी घातली. ताटात लाल ओघळ आला.

"दाजी," मिल्टन म्हणाला, "व्रत तुमचं आहे ना? मग आम्हाला कशाला त्यात ओढता?"

त्याने अदेमारच्या हातातून चिमटा काढून घेतला आणि बरगड्या पुन्हा जाळीवर टाकल्या. तोवर भुकेल्या मंडळींनी नाइलाजाने नेलिदाचे वाडगे पुढे ओढले. आधी चाचपडत, मग हावरटासारखं. सासूबाईंनी तर अक्रोडाची चटणी पावाने पुसून घेतली. "ताईला टाळ्या!" असं मिल्टनच म्हणाला, आणि सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या त्या अदेमारने. त्या बाईने त्या कमावल्या होत्या. हे कबूल करायला त्याला तेरा दिवस लागले, ही गोष्ट वेगळी.

मग बरगड्या आल्या. खरपूस, रसरशीत. चिमटा मिल्टनच्याच हातात राहिला आणि तो मागायची कुणाची छाती झाली नाही. अदेमारने एक वाडगा ओढला. रिकामा. दुसरा ओढला. तोही रिकामा.

"नेलिदा, मी काय खाऊ गं?"

नेलिदाने त्याच्याकडे मोठ्या मायेने पाहिलं.

"आता हे शिजलंय रे," ती म्हणाली. "तू आणलं होतंस तेव्हा चाललं असतं."