टीव्हीवर चित्र न येण्याबाबतची जॉइंट नोट

कोणतीही वस्तू बंद पडली की ती चालू करणे ही दुय्यम बाब असते. ती आपल्यामुळे बंद पडलेली नाही हे ठरवणे ही पहिली. हे ज्यांना उमगले त्यांची नोकरी सुखात जाते आणि पेन्शन वेळेवर सुरू होते. रायपुरातल्या तेलीबांध्याच्या आमच्या सोसायटीत अशी तीन माणसे राहतात, आणि मी त्यांचा शेजारी आहे हे माझे भाग्य.

पहिले हरिदासजी, रेल्वेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. दुसरे विनायकराव, रेल्वेचाच वीज विभाग. तिसरे दिवाकरराव, रेल्वेची डबेदुरुस्ती. एकूण सेवा एकशे नऊ वर्षे. (पैकी कॉम्प्युटरसमोर: निरंक.)

प्रसंग असा. हरिदासजींची नात श्रावणी हिला पुण्याला पदवीदान समारंभात सुवर्णपदक मिळणार होते. पास दोनच, म्हणून तिचे आईवडील, म्हणजे हरिदासजींची मुलगी नीलिमा आणि जावई, गेले. श्रावणीला सातवीपर्यंत वाढवले ते आजीने, म्हणजे कलावतीबाईंनी. त्या रायपुरातच राहिल्या. समारंभ सकाळी अकराला इंटरनेटवर दिसणार होता. "आजी, पदक घेतलं की मी कॅमेऱ्याकडे पाहून हात हलवीन. तो तुलाच," असे पोरीने सांगून ठेवले होते. कलावतीबाईंची नजर अधू. फोन नाकाशी धरला तरच त्यांना माणसाचा चेहरा कळतो. म्हणून मुलगा लोकेश याने कॉम्प्युटर हॉलमधल्या जुन्या पण मोठ्या टीव्हीला जोडायचे ठरवले. कॉम्प्युटरमध्ये कालच नवे ग्राफिक्स कार्ड बसवून आणले होते.

कॉम्प्युटरच्या पाठीमागे वायर बसेल अशी दोन भोके होती. एक जुने, उघडे. दुसरे नव्या कार्डावरचे, त्यावर काळे रबरी झाकण. आता नव्या वस्तूचे झाकण, प्लास्टिक आणि स्टिकर काढायचे नसते, एवढे संस्कार आपल्या सगळ्यांवर आहेत. हरिदासजींच्या सोफ्यावरचे प्लास्टिक सहा वर्षांचे असून सोफ्यापेक्षा बऱ्या अवस्थेत आहे. तेव्हा वायर उघड्या भोकात गेली. नवे कार्ड बसल्यावर त्या जुन्या भोकातून चित्र येणे बंद झाले होते, ही क्षुल्लक माहिती दुकानदाराने दिली नव्हती. टीव्हीवर निळा पडदा आला आणि त्यावर ‘नो सिग्नल’.

तेव्हा साडेदहा वाजले होते. हरिदासजींनी ताबडतोब योग्य ते पाऊल उचलले, म्हणजे विनायकराव आणि दिवाकररावांना बोलावले. मीही गेलो; चहा होणार हे उघड होते.

या तिघांची एक पद्धत आहे. नोकरीत काही अडले की सगळ्या खात्यांची माणसे एकत्र पाहणी करून एक कागद लिहीत. त्याला ते जॉइंट नोट म्हणतात. त्यात प्रत्येकाने आपले खाते निर्दोष असल्याचे लिहायचे आणि सही करायची. ही पद्धत त्यांनी निवृत्तीनंतर गीझर, मिक्सर आणि एका सुनेच्या माहेरी जाण्यालाही लावलेली आहे.

विनायकरावांनी टेस्टर लावून करंट असल्याचे जाहीर केले. वीज निर्दोष सुटली. दिवाकररावांनी वायर हलवून तिची जोडणी घट्ट असल्याचे सांगितले. वायरही निर्दोष सुटली. रिमोटचे सेल काढून, चोळून, परत घातले. (या उपायाने आजवर काय दुरुस्त झाले याची नोंद उपलब्ध नाही.) पावणेअकराला कलावतीबाई कॉम्प्युटरमागे वाकल्या.

"अवो, हे बाजूचं भोक काहून बुजवून ठेवलं? त्याच्यात घालून पाहा ना."

"तुले काय समजते त्यातलं? तू चहा ठेव," हरिदासजी म्हणाले.

"आई, झाकण निकाला तो वॉरंटी चली जाएगी," लोकेश म्हणाला.

"हव," दिवाकरराव म्हणाले, "कंपनीनं झाकण देल्लं म्हणजे काही सोचूनच देल्लं असन, वहिनी."

बहुमत स्पष्ट होते. कलावतीबाईंनी चहा ठेवला.

अकरा वाजता लोकेशने फोनवर एक व्हिडिओ लावला, ‘टीव्हीवर चित्र येत नसेल तर’. एकूण अठरा मिनिटे, त्यांपैकी सहा मिनिटे तो माणूस आपला चॅनल लाइक करा म्हणून सांगत होता. अकरा वाजून दहा मिनिटांनी कलावतीबाईंनी हात पुढे केला.

"लोकेश, फोन दे रे मले. जवळ धरून पाहीन मी."

"आई, थांब ना! इसी में तो इलाज पाहून राहिलो."

समारंभ ज्या फोनवर दिसला असता त्याच फोनवर समारंभ कसा दिसेल याचा अभ्यास चालला होता. यातली शास्त्रीय शिस्त पाहून मला भरून आले. मी दुसरा चहा घेतला.

सव्वाबाराला नोट तयार झाली. ‘टीव्ही निर्दोष. वायर निर्दोष. वीज निर्दोष.’ दिवाकरराव ‘वायर’ऐवजी ‘केबल’ लिहा म्हणून अडून बसले, त्यात दहा मिनिटे गेली. मग तिघांच्या सह्या झाल्या, आणि साक्षीदार म्हणून माझी.

सह्या चालू असताना कलावतीबाईंनी केसातली पिन काढून ते झाकण उचकटले आणि वायर त्यात घातली. टीव्हीवर लख्ख चित्र आले. लोकेशने घाईघाईने समारंभ लावला. मोठा हॉल होता. दोन माणसे खुर्च्या एकावर एक रचत होती.

"वा!" विनायकराव म्हणाले. "काय क्लिअर आहे!" तिघांनी टाळ्या वाजवल्या. पुढची पाच मिनिटे आम्ही खुर्च्या रचणे अतिशय स्पष्ट पाहिले.

"आई, टेन्शन नको घेऊ. रेकॉर्डिंग येईल," लोकेश म्हणाला.

"येईन ना," कलावतीबाई म्हणाल्या. "पण पोट्टीनं हात हलवला तवा मी नव्हती तिथं." आणि त्या कप उचलून आत गेल्या.

नोटेत नंतर एक ओळ वाढवण्यात आली: ‘झाकण अनधिकृत व्यक्तीने काढले; वॉरंटीस समिती जबाबदार नाही.’ मला त्या क्षणी चौघांची लाज वाटली, चौथा मी.

झाकणाची गोष्ट तुम्हाला आमच्या कितीतरी आधी कळली होती, आणि वाचताना तुम्ही या म्हाताऱ्यांना मनसोक्त हसत होता. हसा. फक्त एवढे सांगा, श्रावणीला ते सुवर्णपदक कोणत्या विषयात मिळाले? मी ते कुठेही लिहिलेले नाही, कारण त्या घरात दोन तास बसून मी ते विचारलेच नाही. आणि इथवर वाचून तुमच्याही डोक्यात ते आले नाही.