बापूंचा अमेरिकेवर बहिष्कार

आमच्या शेजारच्या बापूंनी अमेरिकेशी व्यापार तोडला, तो दात घासता घासता. टूथपेस्टची कंपनी अमेरिकन निघाली, ट्यूब कचऱ्यात गेली आणि घरात राखुंडी आली.

"ह्यांच्या भांडणात माझ्या हिरड्या सोलल्या," काकू कुंपणावरून मला म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात कोल्ड्रिंक गेलं, बदाम गेले, सुनेची जीन्स जाता जाता राहिली. मी विचारलं, "बापू, हातातल्या फोनचं काय?"

"त्यो चीनमधी बनतोय. चीनशी आपलं वायलं भांडाण हाय."

बापूंचा एमआयडीसीत छोटा फौंड्रीचा कारखाना. तिथं ओतलेले पंपाचे सुटे भाग वर्षानुवर्षं अमेरिकेतल्या एकाच गिऱ्हाइकाकडं जायचे. तिकडच्या सरकारनं आयातीवर भलीमोठी ड्युटी लावली आणि माल पेट्यांत भरलेला तसाच शेडमध्ये राहिला. हा माल इथं खपेना, कारण सगळी मापं इंचात, आपल्या पंपांना बसत नाहीत.

उद्योजकांच्या बैठकीला दिल्लीहून साहेब आले. त्यांनी पडद्यावर जगाचा नकाशा दाखवला आणि नवी बाजारपेठ शोधायला सांगितलं. बापू उठून म्हणाले, "सायेब, कुठं सांडलीया म्हंता? टॉर्च घिऊन जातो की." साहेबांनी ही सूचना म्हणून लिहून घेतली.

तेव्हापासून बापू रोज संध्याकाळी पायरीवर बसून अमेरिकेचा उद्धार करायचे. भट्टी आठवड्यातनं एकदाच पेटायची. मुलगा पुण्याहून फोन करून सांगायचा, शेड गोडाऊनला भाड्यानं द्या. बापू विषय बदलायचे.

परवा मी पायरीवर बसलो असताना त्यांचा फोन वाजला. पलीकडं जॉन होता, ते अमेरिकेतलं गिऱ्हाईक. आता बापू त्याला सोलणार म्हणून मी सरसावून बसलो.

बापू बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "नो ऑर्डर, ओक्के. नो प्रॉब्लेम. व्हाय क्राइंग? जॉन, यू ईट? फर्स्ट ईट. देन थिंक."

बापूंनी फोन ठेवला.

"काय म्हणाला?"

"दुकान बंद करतोय. ड्युटी त्येलाच भरावी लागती न्हवं, परवडंना झालं. त्येच्या बापापास्नं आपला माल घेत हुता." फोन खिशात सारत म्हणाले, "बायको गेल्यापास्नं एकटाच असतोय."

"आणि तुमच्या भट्टीचं काय?"

बापूंनी आत बघून हाक मारली, "अगं, जॉन हितं आलता तवा त्येला तुझी कांदा-लसूण चटणी लय आवडली हुती. एक बरणी बांध की. कुरियरनं जाईल."

मी म्हणालो, "बापू, चटणीवरही ड्युटी बसेल."

"बसू दे," बापू म्हणाले. "त्येला म्हाईत हुऊ द्यायची न्हाई. आपण हितंच भरू."