बायकोचा पतंग हलका करताना

"बार फार जड लागतोय हल्ली," एवढंच बायको म्हणाली होती. तेही स्वतःशीच, चहाचा कप उचलताना मनगट दुखलं म्हणून. खटपट्यांनी तेव्हा पेपर वाचत राहायला हवं होतं. पेपर वाचत राहणाऱ्या नवऱ्यांचे संसार सुखाचे होतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण खटपट्यांनी पेपर खाली ठेवला.

"जड म्हणजे नेमका किती जड?"

"तुम्ही नका हं लक्ष घालू," बायको ताबडतोब म्हणाली.

खटपटे हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. पाणीपुरवठा कार्यालयात ते तक्रारींच्या टेबलावर बसत आणि खुर्चीचं चाक, पंख्याचं बटण, स्टेपलर, जे हाती लागेल ते दुरुस्त करून कायमचं निकामी करत. त्यावरून ऑफिसने हे नाव ठेवलं आणि घराने ते आनंदाने उचललं. घरातला मिक्सर त्यांनी दुरुस्त केल्यापासून हॉलमधला दिवा बंद केला तरच सुरू होत असे. (ते म्हणत, वीज वाचते.)

आता बायकोच्या बारबद्दल. ती बँकेत कॅशियर. डॉक्टरांनी तिला रोज चालायला सांगितलं. ती समुद्रावर चालायला गेली, पतंगाला लटकून पाण्यावरून सूं सूं करत जाणारी माणसं तिने पाहिली, आणि घरी परत आली ती वेगळीच बाई. चालणं राहिलं बाजूला. पायाखाली फळी, कमरेला पट्टा, डोक्यावर खोलीएवढा पतंग आणि हातात बार, म्हणजे एक आडवा दांडा. त्यातून पतंगापर्यंत चार लांब दोऱ्या. मधल्या दोन कमरेच्या पट्ट्याला अडकतात आणि सगळी ओढ सोसतात. बाहेरच्या दोन दांड्याच्या टोकांना असतात, पतंग वळवायला. हे सगळं खटपट्यांना तोंडपाठ होतं, आणि खरी भीती तीच होती.

रविवारी खाडी ओलांडून परत यायची शर्यत होती. मागच्या वेळी अर्ध्या वाटेत बायकोचे हात गळाले आणि तिला होडीत घालून आणावं लागलं.  ती घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडली. नळ गळतोय असं वाटून खटपटे पाना घेऊन दाराशी गेले होते, ते जाऊ द्या. पण रडणं त्यांनी ऐकलं होतं आणि ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं.

"एकदा बघू तर दे," ते म्हणाले. "तुझ्यासाठी म्हणतोय गं."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. मनगट चोळलं. "बघा. पण ह्या वेळी काही बिघडलं, तर तुमची ती हत्यारांची पेटी भंगारात. मी सांगून ठेवतेय."

पेटी लोखंडी होती, गुडघ्याएवढी उंच होती आणि खटपट्यांचा तिच्यावर जीव होता. तरी ते हो म्हणाले. कारण त्यांच्या नावावर एक यश जमा होतं. वरच्या मजल्यावर त्यांच्यासोबत राहणाऱ्या सासूबाईंचे गुडघे दुखू लागले, तेव्हा त्या त्याच इमारतीत तळमजल्यावर राहायला गेल्या. त्यांचं पायाने चालवायचं शिलाई मशीन जिन्याच्या वळणात बसेना. खटपट्यांनी ते एकट्याने गॅलरीतून खाली सोडलं. बायको तेव्हा बँकेत होती, म्हणून ते जमलं. सासूबाई तेव्हापासून येणाऱ्याजाणाऱ्याला ही गोष्ट सांगत.

खटपट्यांनी अभ्यास केला. पतंगाच्या दोन्ही टोकांना एकापुढे एक तीन फासे असतात. बाहेरची दोरी पुढच्या फाशात घातली की बार हाताला हलका, मागच्या फाशात घातली की जड. इतकं सोपं! खटपट्यांना बायकोची कीव आली.

त्यांनी पतंग हॉलमध्ये पसरला. तो हॉलमध्ये मावेना. उजवं टोक टीव्हीपाशी आणि डावं स्वयंपाकघरात गॅसखाली गेलं. उजव्या टोकाची दोरी त्यांनी पुढच्या फाशात घातली. डाव्या टोकाशी पोचायला मात्र पतंगाची घडी घालावी लागली, मग तो उलटा करावा लागला, आणि ह्या गडबडीत पुढचं मागे गेलं हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. डावी दोरी मागच्या फाशात बसली. खटपटे हात झटकून उठले.

शनिवारी बायको सरावाला गेली. पतंग ऐटीत वर चढला, एका बाजूला वळला आणि वळतच राहिला. बायको त्याच्या मागे वाळूतून फरफटत निघाली. "सोड! सोड!" खटपटे ओरडले. "काय सोडू?" बायको ओरडली. पतंगाने आणखी दोन गिरक्या घेतल्या आणि किनाऱ्यावरच्या कॉफीवाल्याच्या छपरावर तो पाय पसरून बसला. कॉफीवाला बाहेर येऊन वर पाहू लागला. त्याला वाटलं छत्रीची कंपनी जाहिरात करतेय.

बायकोच्या कानात वाळू होती. तिने ती शांतपणे काढली. खटपट्यांना ती शांतता आवडली नाही.

"हलका झाला का गं?" त्यांनी विचारलं.

"एक हात झाला," बायको म्हणाली. "दुसरा खांद्यातून निघालाय."

मग खटपट्यांनी दोन्ही दोऱ्या पुढच्या फाशात घातल्या आणि शपथेवर तपासल्या. बायकोने पुन्हा उडवून पाहिलं. पतंग सरळ राहिला, पण बार होता तितकाच जड! आता मात्र खटपटे वैतागले. फासा बरोबर, गाठ बरोबर, वारा बरोबर, मग चुकतंय कोण? त्या रात्री ते जेवताना ताटातच बोटाने फासे मांडत बसले. बायकोने मिक्सरसाठी दिवा घालवला, तेव्हा अंधारातही.

रविवारी सासूबाईसुद्धा घडीची खुर्ची घेऊन शर्यत बघायला आल्या. शर्यतीला थोडाच वेळ उरला होता. बायको कोचबाईंना म्हणाली, "आज पण जमणार नाही बहुतेक. हात आत्तापासूनच थरथरतायत." 

कोचबाई म्हणजे गळ्यात शिट्टी आणि तोंडात कमी शब्द. त्या म्हणाल्या, "फाशांचं जाऊ दे. चारही दोऱ्या सोडवा. एक टोक ह्या खांबाला बांधा, दुसरं ताणून धरा."

खटपट्यांनी चारही दोऱ्या ताणून धरल्या. चारही सारख्या असायला हव्यात. बाहेरच्या दोन सारख्या होत्या. मधल्या दोन चांगल्या वीतभर लांब होत्या.

"हे बघा!" कोचबाई म्हणाल्या. "मधल्या ताणल्या गेल्या, म्हणून त्यांच्यापुढे बाहेरच्या आखूड पडल्या. बार कायम ओढलेलाच राहणार. जड लागेल नाहीतर काय?"

"सापडलं!" खटपटे केवढ्याने ओरडले. इतक्या दिवसांचा वैताग त्यांच्या तोंडून बाहेर पडला. "मी म्हणत नव्हतो? माझ्या कामात चूक नव्हतीच! पण वर्षाच्या आत दोऱ्या इतक्या ताणतातच कशा? कुणीतरी ह्यांना काहीतरी अवजड लटकवलंय. कोण हा अक्कलशून्य माणूस? समोर आणा त्याला!"

"अगंबाई!" सासूबाई खुर्चीतून पुढे वाकल्या. "ह्याच का हो त्या दोऱ्या, जावईबापू? माझं मशीन उतरवलंत त्या?"

वारा जोरात होता, पण सगळ्यांना ऐकू गेलं. खटपट्यांच्या हातातल्या दोऱ्या सैल झाल्या.

"आई, कुठलं मशीन?" बायकोने विचारलं.

"अगं, माझं शिवणाचं! मी म्हटलं दोरी तुटेल हो, तर म्हणाले, मधल्या दोन घेतो, सगळी ओढ त्याच सोसतात. तुला सांगते, अर्धा तास गॅलरीत लटकत होतं, कारण मध्येच ह्यांना फोन आला. पण दोरी तुटली नाही!" सासूबाईंनी अभिमानाने आजूबाजूला पाहिलं.

 कोचबाईंनी बाहेरच्या दोन दोऱ्यांची गाठ सोडून पलीकडच्या गाठीला अडकवली, तेवढ्याने चारही सारख्या झाल्या, आणि त्यांनी शिट्टी वाजवली.

बायको गेली. खटपटे पाण्यात घोटाभर उभे राहिले. पतंग लहान होत होत ठिपका झाला, पलीकडे वळला, आणि परत येऊ लागला. होडी मागेच राहिली होती, रिकामी. बायकोच्या पुढे बरेच जण किनाऱ्याला लागले, पण ती स्वतःच्या हातांनी आली आणि फळीवरून उडी मारून हसत सुटली. "हात आहेत की नाहीत कळलंच नाही हो!" ती म्हणाली. खटपट्यांना भरून आलं. आता आपल्याला माफी मिळाली असं त्यांना वाटलं.

घरी आल्यावर तिने हत्यारांच्या पेटीकडे बोट दाखवलं.

"अगं, पण तू तर पोचलीस ना!"

"पोचले. पेटी."

खटपट्यांनी पेटी उचलून पाहिली. उचलेना. त्यांनी जिन्याकडे पाहिलं, गॅलरीकडे पाहिलं, आणि मग हळूच कोपऱ्यातल्या पतंगाच्या पिशवीकडे.

"जिन्याने," बायको पाठमोरीच म्हणाली.

पायरीपायरीवर टेकत त्यांनी पेटी तळमजल्यावर आणली. सासूबाई दारातच होत्या. "भंगारात कशाला? माझ्याकडे द्या," त्या म्हणाल्या. खटपट्यांना गहिवर आला. घरात एक तरी माणूस आपल्याला ओळखून होतं.

सासूबाईंनी मशीनवरची जमिनीपर्यंत लोंबणारी चादर वर केली. मशीनचा एक पाय अर्ध्यातून तुटलेला होता, त्याच्याखाली जुनी मासिकं रचली होती.

"हे... हे कधी झालं?"

"तुम्ही खाली उतरवलंत तेव्हाच. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही." सासूबाईंनी मासिकं ओढून काढली आणि पेटी त्या जागी सरकवली. मशीन हलवून पाहिलं. ते जराही डुगडुगलं नाही.

"झालं बाई एकदाचं दुरुस्त," सासूबाई म्हणाल्या. "आता मात्र हिला हात लावू नका हं, जावईबापू."