शेंगांची टोपली

परभणीत धम्मपाल आणि सत्यशीला या नवरा-बायकोचं समुपदेशन केंद्र होतं. शेजारी शेजारी दोन खोल्या. तिच्या दारापुढं चपलांचा ढीग, त्याच्या दारापुढं बहुतेक वेळा त्याच्याच चपला. ते बघून धम्मपालचा रोज जळफळाट होई.

शिक्षण दोघांचं एकच, वळण वेगळं. तो लहानपणापासून विहारात वडिलांशेजारी डोळे मिटून बसलेला. म्हणून आलेल्या माणसालाही तो डोळे मिटून श्वासाकडे बघायला लावी. माणसं निवांत घोरत. सत्यशीला पोखर्णी गावची. शेंगा सोलता सोलता बाया मनातलं सगळं बोलून टाकतात, हे तिनं आईच्या ओसरीवर पाहिलेलं. तिनं खोलीत शेंगांची टोपलीच ठेवली होती.

शेवटी धम्मपालनंही गुपचूप टोपली आणली.

त्या दिवशी निवृत्त मुख्याध्यापक व्यंकटराव त्याच्याकडे आले. घरात कुणाशी बोलत नाहीत म्हणून सुनेनं पाठवलेले.

"घ्या सर, सोला."

"नखं दुखतात माझी. तुमी सोला, मी खातो."

आता सरांना नाही कसं म्हणायचं? धम्मपाल सोलत गेला, सर खात गेले. हात चालू झाले तशी धम्मपालची जीभही सैल झाली.

"सर, बायकोकडं लय गर्दी व्हायलीय. मला बघवत न्हाई."

व्यंकटराव ताठ बसले. "कधीपासून?"

"पहिल्यापासून. सोमवारी तर तिच्या दारातल्या चपला उचलून माझ्या दारापुढं मांडल्या."

"चुकलंच तुझं! पण सांगितलंस, बरं केलंस."

तासाभरानं सर उठले तेव्हा चेहरा फुलला होता. "रिटायर झाल्यापासून मला कुणी काही सांगतच न्हाई. आज लय हलकं वाटायलंय. पुढच्या मंगळवारी येतो. चपला जाग्यावर ठेवायच्या, कळलं?"

सरांना हसत जाताना बघून सत्यशीला तडक आत आली.

"ओ, हे सर माझ्याकडं तीनदा आले, एक शब्द बोलले न्हाईत! तुमी काय केलं असं?"

धम्मपाल सांगणारच होता. तेवढ्यात तिनं सवयीनं एक शेंग उचलून फोडली. मग दुसरी.

"खरं सांगू? मला तुमचा लय हेवा वाटतो. तुमच्याकडून माणसं ताजीतवानी होऊन जातात, माझ्याकडं दिवसभर रडारड. म्हणून येता-जाता मी तुमचं दार बाहेरून ओढून घेते. लोकांना वाटावं, साहेब आज न्हाईत."

धम्मपालच्या तोंडाशी बरंच काही आलं. पण त्यानं डोळे मिटले, श्वासाकडे पाहिलं आणि टोपली तिच्याकडे सरकवली. ती अजून अर्धी भरलेली होती.