जरा हलकं बसा, गॅरंटीत आहे

टिल्लूकाकांकडं गेलं की बसायला खोकं मिळायचं. मिक्सरचं, नाहीतर पंख्याचं. आणि तुम्ही टेकलात रे टेकलात की आतून काकांचा आवाज यायचा, "जरा हलकं बसा, गॅरंटीत आहे!"

लखनौला आलमबागच्या रेल्वे कॉलनीत आमची क्वार्टरं भिंतीला भिंत लावून. काका रेल्वेच्या स्टोअरमध्ये हेडक्लार्क. आलेला माल तपासायचा आणि खराब निघाला की परत पाठवायचा, हेच त्यांचं काम. मी वर्कशॉपमध्ये फिटर. शिक्षण चौथी, तीपण मास्तर कंटाळले म्हणून पास.

काका कुठलीही वस्तू घेतली की खोकं, थर्माकोल, सुतळीसुद्धा जपून ठेवायचे. कोणी म्हणालं वस्तू बिघडली, की पहिला प्रश्न, "कागद काय म्हणतो?"

माझा कागद काय म्हणणार! एका उन्हाळ्यात सासूबाई भुसावळहून यायच्या होत्या. लखनौची लू, म्हणून मी टेबलफॅन आणला. तो मान फिरवेना. सगळा वारा एका जागी. म्हटलं, आपण इंजिनं खोलतो, हा काय चीज आहे? खोलला. परत लावल्यावर मान फिरायला लागली, पण पाती बंद. बायको म्हणाली, "आता निदान 'नको नको' तरी म्हणतोय."

काकांनी विचारलं, "उघडलास?"

"नाही काका, फक्त चार स्क्रू काढले."

"परत किती लावलेस?"

"तीन."

"आणि कार्ड?"

कार्ड बायकोनं लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून बांधलं होतं. काकांनी ते फडक्यानं पुसलं, उन्हात वाळवलं, आणि मला घेऊन चारबागला मुन्नेभाईंच्या दुकानात गेले. मुन्नेभाई मोठा गोड माणूस. तक्रार घेऊन आलेल्याला आधी चहा पाजायचा, मग पान द्यायचा. तोंडात पान असलं की माणूस भांडणार कसा? मी दोनदा एकटा गेलो होतो. दोनदा पान खाऊन, आदाब करून, फॅनसकट परत.

काका म्हणाले, "चाय बाद में. पंखा पहले."

मुन्नेभाईंनी कार्ड नाकाशी धरलं. "बाबूजी, यह गारंटी है कि अचार?"

"तेल कार्ड को लगा है, पंखे को नहीं. और सुनिए, चौथा पेच हमारा गुनाह, वह हम ला देंगे. मगर गर्दन पहले दिन से नहीं घूमती थी. गर्दन आपकी."

नवा फॅन मिळाला. सासूबाई चार दिवसांऐवजी दोन महिने राहिल्या. तो दोष काकांचा.

त्या थंडीत काकी गेल्या. दोनच माणसांचं घर, एकाचं झालं. काकींचा ट्रान्झिस्टर होता, सकाळी भजनं लावायच्या. पुढं महिन्याभरात तोही बंद पडला. काका रोज त्यावरची धूळ पुसायचे, पण दुकानात न्यायचं नाव नाही. मी म्हटलं, "काका, गॅरंटी आहे ना?" तर म्हणाले, "बघू."

काका आणि 'बघू'! मला वाटलं, माणूस खचला. आपल्या फॅनसाठी एवढा भांडला, आता आपण काहीतरी करायला पाहिजे. वर्ष भरायला दोन दिवस राहिले होते. दुपारी नळाला पाणी यायचं म्हणून त्यांच्या घराची किल्ली आमच्याकडं असायची. काका ऑफिसात गेल्यावर मी खोकं, ट्रान्झिस्टर, कार्ड उचललं आणि चारबाग गाठलं. चहा घेतला नाही, पानही नाही. "चाय बाद में," असं काकांसारखंच म्हटलं. तासाभरात नवाकोरा ट्रान्झिस्टर!

संध्याकाळी छाती फुगवून काकांसमोर ठेवला. काकांनी तो पाहिलाच नाही. रिकामं खोकं उलटं करून झटकलं.

"कार्ड कुठंय?"

"ते दुकानात ठेवून घेतात ना. जुन्या मालाबरोबर कंपनीला जातं."

काका कोट न घालताच निघाले. मी मागून.

मुन्नेभाई दुकान आवरत होते. काकांनी नवा ट्रान्झिस्टर काउंटरवर ठेवला. "मेरा वाला वापस दीजिए."

"बाबूजी, इसमें क्या ख़राबी है?"

"कुछ नहीं."

"वह तो बोलता ही नहीं!"

"हाँ. वही चाहिए. और कार्ड भी."

आयुष्यभर खराब माल परत करणारा माणूस खराब माल परत मागत होता. ना कागद, ना कलम, नुसते हात जोडले होते. मुन्नेभाईंनी जुना ट्रान्झिस्टर पुढं ठेवला. ड्रॉवरमधून कार्ड काढून त्यांनी दोन्ही हातांनी काकांना दिलं.

दिव्याखाली मी पाहिलं. ग्राहकाच्या सहीची चौकट होती, त्यात निळ्या शाईची सही. एकेक अक्षर सुटं, शेवटचं चौकटीबाहेर पळालेलं. मला वाचायला वेळ लागतो, पण ही सही लगेच कळली. माझीपण तशीच आहे. लिहायची सवय नसलेल्या माणसाची.

रिक्षात काका मांडीवर खोकं धरून बसले होते. "अंगठा लावत होती," ते म्हणाले. "मी म्हटलं, ट्रान्झिस्टर तुझा, तूच सही कर. दोन दिवस वर्तमानपत्राच्या कडेला गिरवत होती. तेवढी एकच केली तिनं."

मी खोक्याची दुसरी बाजू धरली.

दोन दिवसांनी त्यांच्याकडं गेलो. ट्रान्झिस्टर जागेवर, मुका. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "काका, आज गॅरंटी संपली."

"हो," काका म्हणाले, "आता कार्ड कोणी मागणार नाही."

आणि त्यांनी मला बसायला खोकं पुढं केलं. काही बोलले नाहीत. मी आपणहूनच जरा हलका बसलो.