काचेतलं जहाज आणि आत्याचा फोन

जेवताना चिमणीने सांगून टाकलं, की उद्या ती स्वतः वकीलबाईंच्या ऑफिसात जाणार आणि खरं काय ते सांगणार. आई, बाबा, दादा आणि आत्या, चौघांचे घास हातातच थांबले.

खरं होतं ते एवढंसं. चिमणी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला. वकीलबाईंकडे जहाजांचे खटले चालत, म्हणून इंटर्नशिपच्या अर्जात तिने ठसक्यात लिहिलं होतं, की पुढच्या सत्रात मी सागरी कायदा शिकणार आहे. जागा मिळाली. मग सत्र उघडलं, आणि त्या वर्गात चिमणी आणि पंखा, दोघंच. शिकवणारे सर दुसऱ्या कॉलेजात निघून गेले, विषय बंद झाला, आणि उरलेल्या विषयांत जागा होती फक्त प्राण्यांच्या कायद्यात.

"समुद्रातून थेट गोठ्यात," दादा म्हणाला.

आत्याला तर अशा वेळी ओव्याच सुचत.

"दर्या आटला गं बाई, होडी लागली काठाला,
लेक निघाली वकिलीला, दोर बांधला गाईला."

चिमणी हसली नाही. तिची इंटर्नशिप सोमवारी सुरू व्हायची होती. ही जागा गेली तर वर्षभर दुसरी मिळणार नव्हती. आणि कळवायला तिने आधीच फार उशीर केला होता.

या घराची एक रीत होती. आपली वाईट बातमी आपण सांगायची नाही. ज्याची बातमी, तो आतल्या खोलीत बसायचा आणि दुसरं कुणीतरी मायेने, पायरीपायरीने ती उतरवायचं. दादा नापास झाला तेव्हा बाबांना आईने सांगितलं. बाबांचं दुकान रस्तारुंदीकरणात गेलं तेव्हा आईला आत्याने सांगितलं. त्यामुळे पोर एकटी जाऊन आपल्या तोंडाने सांगणार, हे कुणाच्याच घशाखाली उतरेना. तिच्यासमोर मात्र चौघांनी माना डोलावल्या आणि सकाळी चौघांनी एकमेकांना चोरून वकीलबाईंच्या ऑफिसात फोन लावले.

ऑफिसात फोन घ्यायला एक भाबडे कारकून होते. कुणी सांगेल ते चिठ्ठीवर उतरवायचे आणि बाईंच्या टेबलावर ठेवायचे.

पहिला फोन बाबांचा. घड्याळदुरुस्तीच्या नव्या दुकानातून, डोळ्याला भिंग तसंच. पोरीला कमीपणा यायला नको म्हणून त्यांनी सांगितलं, की तिच्या प्रश्नांपुढे सरांचाच टिकाव लागेना, बिचारे कॉलेज सोडून गेले.

मग आई. ती दवाखान्यात नर्स. तिने नर्सच्याच आवाजात कळवलं, की मुलीला पाणी सोसत नाही, जहाजाचं नुसतं चित्र पाहिलं तरी मळमळतं, म्हणून विषय बदलावा लागला.

दादाचं डोकं वेगळंच. आधी डोंगर दाखवला की मागून आलेला उंदीर गोड वाटतो, असा त्याचा हिशेब. त्याने सांगितलं, की बहिणीने कायदा कायमचा सोडलाय आणि ती बेकरी काढतेय.

कारकून आधीच गोंधळले होते, त्यात आत्याचा फोन आला. आत्या म्हणजे पायऱ्यांची राणी. तिने त्यांना आधी बसायला लावलं. मग पाणी प्यायला लावलं. मग, माणसाच्या हातात काय असतं, आपण ठरवतो एक आणि होतं दुसरंच, असं म्हणत म्हणत ती मऊ आवाजात उतरत राहिली. "पोर फार गुणाची हो. पण आता रडून काय उपयोग," इथवर ती आली आणि कारकुनांना पुढची पायरी ऐकवेना. त्यांनी गहिवरून फोन ठेवला, चिमणीच्या नावावर रेघ मारली आणि डोळे पुसले.

चिमणी दारात उभी राहिली तेव्हा ते खुर्चीसकट मागे सरकले.

"तुम्ही?" ते म्हणाले. "पण तुम्ही तर..."

बाकावर मांडीवर टोपली घेऊन बसलेल्या एका बाईने त्यांना वारा घातला. टोपलीतून बारीक म्याँव आलं.

वकीलबाईंच्या खोलीत काचेच्या पेटीत एक लाकडी जहाज होतं. बाईंनी चार चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या मांडल्या आणि एकेक वाचून दाखवली. चिमणीचे कान तापले.

"बेकरी काढून तू वारलीस, की वारून बेकरी काढलीस?"

"यातलं काहीच नाही, मॅडम. शिकायला मी एकटीच होते, विषय बंद झाला. मी प्राण्यांचा कायदा घेतलाय. ते त्याच दिवशी कळवायचं होतं, माझ्याच्याने झालं नाही. आता जागा द्यायची की नाही, तुम्ही ठरवा."

"झालं?"

"झालं."

"दोन ओळींत मावतं की गं. विषय काय, कुणाचाही बदलतो. कळवलं की झालं." बाईंनी चिठ्ठ्या कचऱ्याच्या टोपलीत टाकल्या. "बाहेरच्या मांजरावर दोन घरांनी हक्क सांगितलाय. सोमवारी ये, ते प्रकरण तुझं."

चिमणीच्या जिवात जीव आला. "आणि जहाजांचे खटले, मॅडम?"

बाईंनी दार लोटून घेतलं. जहाजांचा अशील कधीच दुसरीकडे गेला होता, हे त्यांनी जहाजाकडे पाहतच सांगितलं. सध्या भिंती, गच्च्या, गळके नळ आणि हे मांजर. पण ऑफिस ज्यांनी उभं केलं ते त्यांचे काका शेजारच्या खोलीत रोज येऊन बसत, जहाज स्वतःच्या हाताने पुसत, आणि आज कुठली बोट लागली, असं विचारत. बाई रोज एक बोट लावत.

"तुझ्या आत्या," बाई हळूच म्हणाल्या, "उद्या मोकळ्या आहेत का? काकांना जरा मऊपणे सांगायचं होतं."

आत्याची मऊ बातमी कारकुनांच्या तोंडावर कशी उमटली होती, ते चिमणीला आठवलं.

"आत्या नको, मॅडम. काकांचं वय झालंय. तुम्हीच सांगा. दोन ओळींत मावतं."

बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग उठल्या, पदर सारखा केला आणि काकांच्या दारापर्यंत गेल्या. कडीला हात लावला, काढला, आणि परत आल्या.

"आत्यांचा नंबर तेवढा लिहून ठेव," त्या म्हणाल्या.