निराधार गोदावरीबाई

समाजमाध्यमांवर माणसं कशी रंगवली जातात, हे आपल्याइतकं अख्ख्या साकोली तालुक्यात कोणाला कळत नाही, अशी लिलाधर सरांची खात्री होती. त्यांनी नववीच्या फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. फोटो कोणी काढला? कशासाठी? फोटोतल्या माणसाला विचारलं का? उद्या प्रत्येकाने एक फसवा फोटो शोधून आणायचा, असं पोरांना सांगितलं. मुख्याध्यापकांनाही मागच्या बाकावर बसायला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी गोरं करणारी मलमं आली, भाड्याच्या गाडीला टेकलेले नवरदेव आले. सर एकेकाची सालटी काढत होते. मग रक्षा उठली. तिने आधी फोटोखालची ओळ फळ्यावर लिहिली : 'निराधार माउलीला मायेची ऊब.'

अशा ओळी सरांनी स्वतः इतक्या लिहिल्या होत्या, की ही त्यांना ओळखू आली नाही. ते तावातावाने म्हणाले, हे लिहिणाऱ्याला त्या बाईचं नावसुद्धा ठाऊक नसणार. दुसऱ्याच्या गरिबीवर मोठं होणारी माणसं ही!

रक्षाने पडद्यावर फोटो लावला. ओलीचिंब म्हातारी, खांद्यावर शाल, आणि शेजारी कॅमेऱ्याकडे बघून हसणारे लिलाधर सर.

मुख्याध्यापक उगाचच खोकले.

"ही माझी आजी, गोदावरीबाई," रक्षा खाली मान घालून म्हणाली. "मच्छीमार संस्थेची अध्यक्ष आहे, सर. जाळं ओढून तलावातून निघाली, म्हणून ओली होती. तिले वाटलं, सत्कार होऊन राहिला."

वर्ग हसला. रक्षा हसली नाही. ताईला बघायला आलेल्या पाहुण्यांनी हाच फोटो दाखवून विचारलं होतं, म्हातारीला घरी सांभाळत नाही का? त्यानंतर त्यांचा निरोपच आला नव्हता.

शाळा सुटल्यावर सरांनी आपल्या खात्यावरून तो फोटो पुसून टाकला आणि ते तडक तलावाच्या बांधावर, पाळीवर गेले. गोदावरीबाई मासोळ्या निवडत होत्या. सरांनी हात जोडून माफी मागितली.

"मले कायले सांगता गुरुजी?" त्या मान वर न करता म्हणाल्या. "ज्यायनं तो फोटो पायला, त्यायले सांगा ना."

तिथेच उभं राहून सरांनी सगळं खरं लिहिलं. बाईंचं नाव, पद, स्वतःची चूक. त्यांना वाचून दाखवलं, होकार घेतला आणि टाकलं. मिनिटभरात पहिला अभिप्राय आला : 'चूक कबूल करायला मोठं मन लागतं. सलाम, सर!'

सरांना बरं वाटलं. किती बरं वाटलं ते लक्षात आलं, तेव्हा त्यांनी फोन खिशात घातला आणि ते गोदावरीबाईंकडे बघायचं टाळत पाळ उतरू लागले.